सात नंबरचं कासव

पाय धुताना नळ वाहता सोडणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. आमच्या किनाऱ्यावर वाळू संपून सुरूची झाडं लागतात, तिथे पाहुण्यांसाठी एक नळ बसवलाय. फाल्गुन-चैत्रात कासवांची पिल्लं बघायला लांबलांबून लोक येतात. उजाडता उजाडता वाळूत उभे राहतात, पिल्लं लाटेत शिरली की टाळ्या वाजवतात आणि मग त्या नळाशी येऊन एकेका पायावर बादलीभर गोडं पाणी ओततात. मी ओरडते. परवा एका सद्गृहस्थांना म्हणाले, "अहो काका, वाळूच आहे ती. वाळली की झटकली तरी जाईल!" बिचारे ओशाळले. त्यांची बायको हळूच म्हणाली, "अगंबाई, मघाशी तर ह्या किती गोड बोलत होत्या!"

गोड बोलणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. समुद्री कासवांवर संशोधन करणाऱ्या कोकणातल्या एका लहानशा प्रकल्पात मी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. मादी किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालून जाते. ती अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी आपण शोधायची, कुंपणातल्या खड्ड्यात पुन्हा पुरायची, वर टोपली पालथी घालायची आणि दिवस भरत आले की रोज टोपली उचलून बघायचं. वाळू किती तापली, किती पिल्लं निघाली, किती अंडी वाया गेली, याच्या नोंदी करायच्या. हे झालं शास्त्राचं काम. उरलेलं काम माणसांचं. शाळेच्या सहली येतात, बचत गटाच्या बायका येतात, निवृत्त मंडळी येतात. त्यांना दोरीच्या अलीकडे उभं करून सांगायचं, हात लावू नका, फ्लॅश मारू नका, पिल्लू दमलं म्हणून उचलून पाण्यात सोडू नका, त्याचं त्याला चालू द्या. का चालू द्यायचं ते सांगताना माझा आवाज आपोआप उतरतो. म्हणते, इथून जाताना ते ही जागा ओळखून ठेवतं. कसं, ते आम्हालाही अजून पुरतं उकललेलं नाही. पण यातली मादी वाचली, मोठी झाली, तर एवढ्या समुद्रातून वाट काढत ती अंडी घालायला इकडेच माघारी येते. एखादी बाई पदराने डोळे पुसते. दर वर्षी कुणीतरी पुसतंच.

आणि दर वर्षी नेमकं तेव्हाच मला माझं गाव आठवतं. कारण टोपलीखालची वाळू हलायला लागते तो महिना आणि आमच्याकडे विहिरींचा तळ दिसायला लागतो तो महिना एकच. आमच्याकडे म्हणजे बीड जिल्ह्यात, धारूरच्या घाटाखाली. इथे चैत्रात हवेला मीठ असतं, अंग दिवसभर चिकचिकतं. तिथे चैत्रात ओठ फुटतात. इथे रातांबे, काजू, आंब्याचा चीक. तिथे कडुलिंबाला आलेला मोहर, तापलेल्या पत्र्याचा वास, आणि टँकर येऊन गेला की ओल्या धुळीत मिसळलेला डिझेलचा वास. तो वास मला अत्तरासारखा आवडायचा, हे सांगितलं तर इथल्या लोकांना खरं वाटत नाही. पण तो आला म्हणजे पाणी आलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

भर उन्हाळ्यात आमच्या कुंपणातली वाळू फार तापते. वाळू तापली की सगळ्या माद्याच निपजतात, आणखी तापली की अंडीच उबून जातात. म्हणून वर सावली बांधायची आणि दुपारी झारीने गोड्या पाण्याचा शिडकावा करायचा. झारी माझ्या हातात असते. वाळू पाणी कशी पिते, आवाज न करता, ते मी बघत राहते. मग हात थांबतो. सहकारी विचारतात, "काय झालं?" मी म्हणते, "काही नाही, उन्हाने चक्कर आली." काय सांगणार कपाळ!

गावात आता माझं म्हणावं असं एकच माणूस आहे. पारूकाकू. माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. आई-वडील गेल्यावर आणि चुलतेही गेल्यावर तीच आमच्या घराचं दार उघडं ठेवून राहिली. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढे अंगण, अंगणात लिंब, जनावरांसाठी सिमेंटचा हौद आणि दावणीला दोन म्हशी. समोर रस्ता ओलांडला की गावची दूध संस्था, आणि संस्थेच्या मागे संस्थेची विहीर. काकू संस्थेची पहिल्या दिवसापासूनची सभासद. वार्षिक सभेत चेअरमन अहवाल वाचायला उभे राहिले की बायकांच्या रांगेतून पहिला हात हिचा. "चेरमन, ते फॅट मोजायचं मशीन तुमच्या दुधाला जास्त दावतंय आन् आमच्या दुधाला कमी दावतंय, ही कावून?" चेअरमन माणूस तसे भले, पण काकूचा हात वर गेला की त्यांना घाम फुटायचा. नंतर तेच तिच्या अंगणात येऊन चहा पिऊन जायचे.

मी ज्या हंगामाबद्दल सांगतेय तो काही वर्षांपूर्वीचा. आदल्या पावसाने दगा दिला होता. थंडी सरत आली होती आणि विहिरीत पुरुषभर पाणी उरलेलं होतं. इकडे कोकणात हंगाम सुरू व्हायच्या आत चार दिवस गावी गेले होते. चेअरमन म्हणाले, "ताई, तुमी तिकडं सगळ्या मुलखाला कासवं दावता. आमाला कधी दावनार?" मला उत्साह आला. लोकांपर्यंत विज्ञान न्यायचं म्हणून मी गावोगाव भाषणं करत होते आणि माझ्याच गावात कधी तोंड उघडलं नव्हतं.

संध्याकाळी दूध घालायच्या वेळी कार्यक्रम ठेवला. संस्थेची पांढरी भिंत हाच पडदा. धुतलेल्या फरशीचा, दुधाच्या कॅनचा, म्हशींच्या अंगाचा तो ओलसर वास. किटल्या मांडीशी घेऊन माणसं बसली होती. पहिला फोटो कासवाचा नव्हताच, नुसता समुद्र होता. भिंतभर पाणी आलं आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आगाऽऽई!" पुढचे दोन-तीन फोटो कुणी पाहिले की नाही कोण जाणे, लोक अजून त्या पाण्यातच होते. "ताई, ह्येच पानी टँकरनं आनता येत न्हाई का?" एकाने विचारलं. खारं असतं, पिता येत नाही म्हटल्यावर सगळे जिवाला लागल्यासारखे चुकचुकले. समुद्रावरच्या माणसांची एवढी कीव मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

शेवटी मी माघारी येण्याचं सांगितलं. आवाज उतरवला, नेहमीसारखा. इथे कुणी डोळे पुसले नाहीत. काकूचा हात वर गेला.

"जलमल्या जागी माघारी येत्यात म्हंतीस. समद्या येत्यात?"

"समद्या नाही काकू. ज्या वाचतात त्या."

"आन् ज्या वाचून बी येत न्हाईत त्या?"

लोक हसले. मीही हसले. म्हणाले, "त्याचा अभ्यास अजून चालू आहे."

कार्यक्रम रंगला तो त्यानंतर. चेअरमन म्हणाले, "आवो आपल्या इहिरीत बी हाय की कासव!" होतंच. विहीर बांधून झाली तेव्हा पाणी निवळ राहावं म्हणून जुन्या लोकांनी त्यात कासव सोडलं होतं. आमच्या भागात तशी रीतच आहे. पाण्यातली घाण, किडे ते खातं आणि विहीर जिती राहते, असं समजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई मोटारीच्या कामाला विहिरीत उतरायचाच होता. सलीमभाई म्हणजे पंचक्रोशीतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याने येताना टोपलीतून कासव वर आणलं. तव्याएवढं, काळंकुट्ट, पाठीवर तीन धारा असलेलं, गाळाचा वास मारणारं, रागावून मान आत ओढून बसलेलं. गाव जमा झालं. कालच्या टाळ्या अजून माझ्या कानात होत्या. संशोधक कासव कसं मोजतात ते दाखवते म्हटलं. टेप काढली, पाठ मोजली. मग म्हटलं, मोजलेलं कासव पुन्हा ओळखू यावं म्हणून आम्ही खूण करतो. मोटारीच्या तारेला लावायचं लाल वार्निश सलीमभाईकडे होतंच. त्याच्याच ब्रशने मी त्या पाठीवर मोठ्ठा आकडा काढला. सात. मनात आला तो काढला.

"कावून सात?" कुणीतरी विचारलं. "बाकीची सा कुठं हायती?"

"ती समुद्रात आहेत," मी म्हणाले.

लोक हसले. माझ्या विनोदाला हसले, असं मी समजले. टोपली पुन्हा विहिरीत गेली, मी दोन दिवसांनी कोकणात परत आले आणि ते सगळं विसरून गेले.

तो हंगाम किनाऱ्यावर फार चांगला गेला. कुंपणात जागा पुरेना इतकी घरटी मिळाली. पाहुण्यांची रीघ लागली. त्या गर्दीत एकदा काकूचा फोन आला. एका हातात पिल्लांची टोपली, खांद्याने फोन कानाशी धरलेला, समोर सहलीची मुलं कलकलत होती.

"सुमे, इहीर आटली. टँकरवाला आता इहिरीतच पानी सोडतोय. बाया खरवडून काढत्यात, बादल्या आपटत्यात. म्हनून सलीमला सांगून सात नंबर वर घेतलं. हौदात ठिवलंय."

"बरं केलंस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दोन शब्दांवर मी किती वेळा जीव जाळलाय! तसलं काळं कासव चिखलात, ओलसर पालापाचोळ्यात महिनोन् महिने दबून राहू शकतं. सावलीत खड्डा करायचा, त्यात ओलं पोतं टाकायचं, अधूनमधून त्यावर तांब्याभर पाणी शिंपडायचं, बस्स. हौद भरायची काडीची गरज नसते. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आदल्या महिन्यात घसा फोडून समुद्रातल्या कासवांबद्दल सांगितलं होतं आणि त्यांच्या विहिरीतल्या कासवाबद्दल एक वाक्य बोलले नव्हते. फोनवर एवढं बोलायला किती वेळ लागला असता? पण मला पिल्लं सोडायची होती.

दिवाळीला गेले तेव्हा कळलं. पाऊस बरा झाला होता, विहिरीत पाणी आलं होतं, आणि तरीही सात नंबर हौदातच होतं. का, तर माझी वाट बघत होते. मी पोचायच्या आत अंगणात माणसं जमली. चेअरमन, सलीमभाई, आळीतल्या बाया. काकू नवं लुगडं नेसून हौदाशी उभी होती.

"घ्या ताई," चेअरमन म्हणाले, "तुमचं सात नंबर. हाय तसं. मोजून घ्या."

मला पहिल्यांदा काही उमगेना. मग एकेक जण सांगू लागला. सरकारी मोजणीत सात कासवं, त्यातली सहा समुद्रात आणि सातवं आमच्या गावात. ते मेलं तर मोजणी खोटी पडणार आणि गावच्या पोरीवर बालंट येणार. म्हणून अख्खा उन्हाळा विहिरीवरनं हंडा घेऊन घरी जाणारी प्रत्येक बाई काकूच्या अंगणात वळायची आणि हंड्यातला तांब्याभर हौदात ओतून पुढे जायची. ज्या हंड्यासाठी ती उन्हात दोर ओढून आली होती, त्यातला. एकीने कुरकुर केली म्हणे, माझी लेकरं आंघोळीवाचून हायती आन् ह्याला हौद! तर काकू तिच्या अंगावर गेली. "सुमीची नोकरी गेली तर तुझा बाप पोसनार हाय का तिला?" हे सांगताना तीच बाई खळखळून हसत होती. लेकराला कडेवर घेऊन उभी होती ती. मला त्या लेकराकडे बघवेना.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तो आकडा खोटा होता, तमाशा होता नुसता, कुठल्या मोजणीत नव्हता. पण सगळे इतक्या हौसेने बघत होते. मी पर्समधली टेप काढली. कासवाची पाठ मोजली, एकदा उभी, एकदा आडवी. "बरोबर आहे," मी म्हणाले. "एकदम व्यवस्थित आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या किनाऱ्यावर वाजवतात तशाच.

मग मला दावण दिसली. मोकळी. दोन्ही खुंट्यांना नुसती दावी लोंबत होती.

"म्हशी कुठं गेल्या काकू?"

"सिरसाळ्याच्या बाजारात इकल्या," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

बाकीचं सलीमभाईने सांगितलं. गावातले लोक जनावरं घेऊन चारा छावणीवर राहायला गेले होते. छावणीत चारा होता, पाणी होतं. काकू गेली नाही. "म्हनली, मी गेल्यावर ह्याच्याकडं कोन बघल?" त्याने हौदाकडे बोट केलं. पुढचं त्याने सांगितलं नाही, ते मला चेअरमनकडून कळलं. दूध घालणं बंद झालं की संस्थेत मताचा हक्क राहत नाही. त्या वर्षीच्या सभेत काकू मागे भिंतीला टेकून बसली होती. हात वर करता येत नव्हता. "सभा लई शांततेत पार पडली ताई," चेअरमन म्हणाले. पण त्यांचा चेहरा काही खुललेला नव्हता.

त्यानंतर पाऊसपाण्याची वर्षं आली-गेली. सात नंबर हिवाळ्यात विहिरीत, पाणी खाली गेलं की हौदात. काकूने पुन्हा एक म्हैस घेतली, गुडघ्यांमुळे काढून टाकली. इकडे किनाऱ्यावर माझं नाव होत गेलं. लोकांना कसं गुंतवावं, विज्ञान सोपं करून कसं सांगावं, यावर बोलायला मला बोलावणी यायला लागली. मी उदाहरणं देत फिरायचे, आणि जे एकच उदाहरण मला झोपू देत नव्हतं ते कधी दिलं नाही. कायद्याने रानातलं कासव घरात ठेवू नये, हे मी पाहुण्यांना दरडावून सांगते. काकूला कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? आधी आकडा खोटा होता हे सांगावं लागलं असतं, मग ओल्या पोत्याचं, मग म्हशींचं. एक धागा ओढला की सगळंच उसवलं असतं.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. फोन लागला की पहिला प्रश्न, "सात नंबर कसं आहे?" मनातल्या मनात ती माझी क्षमा मागायची रीत होती. काकू म्हणायची, "मजेत हाय. पाय भाईर काढून बसलंय." कधी म्हणायची, "काल भाकरी खाल्ली, आज रुसलंय." मी म्हणायचे, काळजी घे त्याची. ती म्हणायची, घेते. तेवढ्यात इकडे कुणीतरी मला हाक मारायचं आणि फोन संपायचा.

यंदा पाऊस पुन्हा रुसला. फाल्गुनातच काकू म्हणाली, टँकर सुरू झाला. माझ्या हातात झारी होती. समोर वाळू पाणी पीत होती. मी विचारलं, "आणि सात नंबर?" ती म्हणाली, "हाय की, हौदात. तू नगं काळजी करू." मला एकदम त्या बाया दिसल्या, हंडा कमरेवर घेऊन अंगणात वळणाऱ्या. म्हटलं, बास झालं. आणखी एक उन्हाळा नाही. तोंडावर जाऊन सांगायचं, मग ती पायताण काढो नाहीतर दार लावून घेवो. ऐन हंगामात रजा मागितली म्हणून सगळे चकित झाले. घरी कुणी आजारी आहे का, विचारलं. मी म्हटलं, आहे असंच समजा.

धारूरला उतरले तेव्हा ऊन भाजत होतं. सलीमभाई स्टँडवर स्कूटर घेऊन आला होता. दाढी पांढरी झालीये आता त्याची. घाट उतरताना मी मागून ओरडून विचारलं, "सात नंबर कसं आहे सलीमभाई?" एरवी अखंड बोलणारा माणूस, नुसता म्हणाला, "काकूलाच इचारा ताई."

अंगणात शिरले. लिंबाखाली मोहराचा सडा पडला होता. हौद तसाच, कडा थोड्या ढासळलेल्या. वाकून पाहिलं. पाणी नव्हतं. बऱ्याच दिवसांत नसावं. तळाला पाचट अंथरलं होतं आणि त्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं.

"काकू, कासव कुठंय?"

"आधी पानी पी." ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. बाजूला तांब्या भरून ठेवलेला.

"काकू!"

"मेलं ते. दिवाळी सरल्यावर. म्हातारं झालतं, आपसूक मेलं. सलीमनं तितं लिंबाखाली पुरलं."

मी तिच्यासमोर बसले. जे इतक्या वर्षांत तोंडाबाहेर पडलं नव्हतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. आकडा खोटा होता. कुठली मोजणी नव्हती, कुणाची नोकरी जाणार नव्हती. ओलं पोतं पुरलं असतं. एक तांब्या पुरला असता. बायांचं पाणी, त्या लेकराची आंघोळ, तुझ्या म्हशी, तुझं मत, सगळं माझ्या एका फुशारकीपायी गेलं. बोलता बोलता मी रडायला लागले. काकू लसूण सोलत राहिली.

"झालं बोलून?" मग ती म्हणाली. "आगं, तुजा रंग तर दुसऱ्याच म्हैन्यात गेलता. सलीम परत परत आकडा काढायचा. इहिरीतलं कासव सरकार कशाला मोजतंय? इतकं बी येडं समजू नगंस आमाला."

"मग बायांना तसं का सांगितलंस?"

"न्हाईतर इहिरीच्या कासवाला जगवायला कोन देतंय पानी? तुजं नाव सांगितलं म्हनून दिलं."

"आणि म्हशी?"

"चाऱ्यापायी इकल्या. छावनीवर मला ऱ्हायाचं नव्हतं, तितं ढेकनं लई. त्या सलीमला काय सांगायचं ते सांगितलं. लई मोठी समजू नगंस सोताला."

मला हसू फुटलं. रडता रडताच. एवढी वर्षं छातीवर घेऊन फिरत होते ते तिने लसणाच्या सालीसारखं फुंकून टाकलं होतं. दोन घोट पाणी प्याले. कोंबडीकडे पाहिलं. किती हलकं वाटत होतं! आणि मग ते आठवलं.

"पण काकू, परवा तर तू फोनवर म्हणालीस, हौदात आहे. त्याच्या आधीही म्हणालीस, मजेत आहे, पाय बाहेर काढून बसलंय. दिवाळीपासून सांगतेयस. खोटं कावून सांगितलंस?"

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. साली गोळा करून मुठीत धरल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"फोन लागला की तू इचारतीस, सात नंबर कसं हाय. मेलं म्हनले असते, तर म्होरं काय इचारलं असतंस?"

लिंबाचा मोहर टपटप पडत होता. रस्त्यापलीकडे टँकर येऊन थांबला आणि बायांची पळापळ सुरू झाली. काकूने साली टाकून शेजारचा हंडा घेतला आणि उठायला उंबऱ्यावर हात टेकवला. तिच्या दोन्ही गुडघ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट बांधलेल्या होत्या. कधीपासून बांधत होती कुणास ठाऊक. मी तिच्या हातातून हंडा घेतला.

"काकू," मी म्हणाले, "तू कशी आहेस?"

ती पुन्हा खाली बसली.

"आता इचारलंस व्हय," ती म्हणाली. "गुडघं लई दुखत्यात बघ."